तंत्र हाती नसले तरी पारख हवी

संगणकाला साध्या भाषेत गरज सांगावी आणि त्याने आज्ञावली लिहून द्यावी, ही गोष्ट २०२५ पर्यंत सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. त्यामुळे नवउद्योगांच्या जगातील एक जुना वाद पुन्हा ऐरणीवर आला आहे. तंत्रज्ञानावर आधारलेला उद्योग चालविणाऱ्याला ते तंत्र स्वतःला अवगत असावे लागते काय? ‘स्टार्टअप इंडिया’ योजना जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात मान्यता मिळालेल्या उद्योगांच्या संख्येत महाराष्ट्र देशात अग्रेसर राहिला. वाणिज्य वा कला शाखेतून येऊन घरची पुंजी पणाला लावणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने हा वाद केवळ पुस्तकी नाही.

तंत्र येत नसले तरी अडत नाही, असे म्हणणाऱ्यांकडे दाखल्यांची वाण नाही. ‘अलिबाबा’चे जॅक मा मुळात इंग्रजीचे शिक्षक होते. २०१२ मध्ये ‘नायका’ सुरू करणाऱ्या फाल्गुनी नायर गुंतवणूक बँकिंगच्या क्षेत्रातून आल्या. ‘एअरबीएनबी’च्या तिघा संस्थापकांपैकी दोघे संरचनाकार होते, परंतु तिसरा, नेथन ब्लेचार्झिक, हा अभियंता होता आणि तो पगारी नोकर नव्हे, तर भागीदार होता, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

पुण्याच्या ‘क्विक हील’चा दाखला याहून बोलका आहे. कैलास काटकर यांचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. गणकयंत्रे दुरुस्त करता करता ते संगणकाच्या दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा उपद्रव वाढल्याचे त्यांच्या ध्यानात आले. संगणकशास्त्र शिकलेले त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा म्हणून आज्ञावली लिहिली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात दाखल झाली. कैलास यांनी आज्ञावली लिहिली नाही, हे खरे. पण त्यांना तंत्र कळत नव्हते, असे कोण म्हणेल? पदवी नसणे आणि ज्ञान नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या वादात त्यांची सर्रास गल्लत केली जाते.

अर्धवट ज्ञान आणि अमर्याद अधिकार एकत्र आले की काय होते, हे अमेरिकेतील ‘थेरानोस’ने दाखविले. एलिझाबेथ होम्स यांनी २००३ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, ही कंपनी स्थापन केली आणि स्टॅनफर्डमधील रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण अर्ध्यावर सोडले. बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर असंख्य चाचण्या करण्याचा त्यांचा दावा होता. जॉर्ज शुल्ट्झ, हेन्री किसिंजर यांच्यासारखे माजी परराष्ट्रमंत्री संचालक मंडळावर होते आणि कंपनीचे मूल्यांकन ९ अब्ज डॉलरवर गेले. प्रत्यक्षात बहुसंख्य चाचण्या इतर कंपन्यांच्या नेहमीच्या यंत्रांवर होत होत्या. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ऑक्टोबर २०१५ मध्ये हे उघड केले, २०२२ मध्ये होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या आणि त्यांना अकरा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते; पण येथे केवळ गुंतवणूकदारांचा पैसा नव्हे, तर रुग्णांचा जीवही पणाला लागला होता.

मात्र तंत्र येणे हीदेखील तारून नेणारी हमी नव्हे. ‘बायजूज’चे बायजू रवींद्रन अभियंता आणि शिक्षक, म्हणजे आपल्या विषयात तरबेज. तरीही कंपनीचे मार्च २०२१ अखेरचे हिशेब थेट सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २२ अब्ज डॉलर मूल्यांकनाची ही कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत ओढली गेली. यंत्र कळणाऱ्याला ताळेबंदही कळावा लागतो.

सारांश, संस्थापकाला आज्ञावली लिहिता आलीच पाहिजे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. मात्र आपले उत्पादन कशामुळे चालते, कोठे बंद पडू शकते आणि आज्ञावलीची मालकी कागदोपत्री कोणाच्या नावावर आहे, एवढे त्याला ठाऊक असलेच पाहिजे. शिवाय ‘हे होणार नाही’ असे तोंडावर सांगू शकेल, असा जाणकार भागीदार त्याच्याजवळ हवा आणि ते ऐकून घेण्याची तयारीही हवी.

कृत्रिम बुद्धिमत्तेने ही गरज कमी केली नसून वाढविली आहे. यंत्राने लिहिलेली आज्ञावली वरकरणी चालते. तिच्यातील भगदाड मात्र जाणकारालाच दिसते. ग्राहकांची माहिती सुरक्षित राखण्यात कसूर झाल्यास २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो दंड यंत्राला होणार नाही. काम दुसऱ्याकडे सोपविता येते, जबाबदारी सोपविता येत नाही. आणि जबाबदारी पेलायची, तर निदान पारख तरी स्वतःची असावी लागते.