स्वैर म्हणजे बेबंद नव्हे

आम्ही चार मित्र मूळचे पुण्याचे. उदरनिर्वाहाच्या निमित्ताने कॅनडातील व्हँकूव्हर शहरी येऊन राहिलो, त्यासही आता पुष्कळ वर्षे लोटली. गेल्या उन्हाळ्यात आठ दिवसांची सवड काढून आम्ही डोंगरी सायकली घेऊन बाहेर पडलो. पहिले पाच दिवस व्हिस्लर येथे घालविले व उरलेल्या दिवसांसाठी व्हँकूव्हरच्या उत्तर अंगास असलेल्या फ्रॉम नावाच्या डोंगरावर आलो. सातव्या दिवशी आमच्यापैकी एकाचे मनगट मोडले. ही वार्ता पुण्यास पोहोचताच वडील मंडळींचा निरोप आला : “अरे, तुमची चाळिशी उलटली, पदरी मुलेबाळे आहेत, डोंगरावरून सायकलीने उड्या मारण्याची ही अवदसा तुम्हांला कोठून आठवली?” निरोप मायेचा होता आणि मायेशी वाद घालू नये, हे आम्ही जाणतो. परंतु त्यामागील विचारसरणी केवळ आमच्या घरांपुरती नाही. ती आपल्या बहुतेक सुशिक्षित वर्गाची आहे. म्हणून तिचा परामर्श उघडपणे घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगितले पाहिजे. १९७६ साली कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन एका मातीच्या रस्त्याने उताराची शर्यत लावू लागले. एका खेपेतच मागच्या चाकाच्या ब्रेकमधील वंगण जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे; त्यावरून त्या शर्यतीस ‘रीपॅक’ असे नाव पडले. आजच्या डोंगरी सायकलीचे एक मूळ तेथे आहे. पुढे १९९० नंतरच्या दशकात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील स्वारांनी शर्यत बाजूस सारून निराळीच रीत रूढ केली. तीत घड्याळ नाही आणि प्रतिस्पर्धीही नाही. खडक, मुळे, लाकडी पूल, उंचवटे यांतून आपल्या आवडीने व आपल्या कुवतीने खाली यावयाचे, एवढेच तिचे सूत्र. तिला फ्रीरायडिंग म्हणतात. आपण स्वैरदौड म्हणू. यातील ‘स्वैर’ हा शब्दच आक्षेपकांना खुपतो आणि आमच्या मते त्याचा अर्थ त्यांना जसा कळला नाही, तसा पुष्कळ स्वारांनाही कळलेला नाही.

पहिला आक्षेप असा की, ही मृत्यूशी थट्टा आहे. धोका नाही असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु आक्षेपकांनी या वाटा कशा बांधतात हे एकदा पाहावे. उडीनंतर चाके जेथे टेकावयाची ती जमीन सहसा उतरती ठेवलेली असते. सपाट भुईवर आदळले तर पडण्याचा सारा वेग हाडांनी सोसावा लागतो. उतारावर टेकले तर त्यातील बराचसा पुढच्या गतीत मिसळून जातो. व्हिस्लरचे सायकल-उद्यान १९९९ साली सुरू झाले. तेथे ‘ए-लाइन’ नावाची जी प्रसिद्ध वाट आहे, तिच्यावरील पुष्कळ उड्या मेजासारख्या आहेत. दोन कडांच्या मध्ये खड्डा नसून सपाट माती असल्याने उडी अपुरी पडली तरी स्वार खड्ड्यात जात नाही. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी पाटी असते : हिरवे वर्तुळ सोप्या वाटेस, निळा चौकोन मध्यम वाटेस, पत्त्यांतील चौकटसारखी काळी खूण अवघड वाटेस आणि तशा दोन खुणा अतिशय अवघड वाटेस. मल्लखांबावर हात सोडणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो, दहीहंडीचे थर कोसळताना पाहावयास गच्चीवर गर्दी करतो. त्याच आपण चिलखत-शिरस्त्राण घातलेल्या स्वारास वेडा ठरवावे, यात धोक्याचा विचार कमी आणि अपरिचयाची भीती अधिक आहे.

दुसरा आक्षेप वयाचा आणि संसाराचा. त्यास उत्तर थोडक्यात देता येते. आमच्या पिढीतील कित्येक जण कोणतीही उडी न मारता, केवळ खुर्चीत बसून, रक्तदाब आणि मधुमेह यांचे धनी झाले आहेत. त्यांना मात्र घरून असा निरोप आल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

येथवर आम्ही स्वतःची बाजू मांडली. परंतु ते मनगट मोडले कसे, हे न सांगता लेखणी खाली ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. फ्रॉमच्या एका वाटेवर कमरेइतक्या उंचीचा खडक होता. आमचा मित्र कडेशी थांबला, उतरून दोनदा पाहून आला आणि डावीकडच्या वळशाने जाण्यासाठी त्याने सायकल फिरविली. आम्ही तिघे खाली उभे होतो. आम्ही हाक मारली, “अरे, व्हिस्लरला याच्या दुप्पट मारलीस की!” व्हिस्लरची ती उडी यंत्राने घडविलेल्या मऊ उताराची होती, येथे रात्रीच्या पावसाने भिजलेली मुळे होती. हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. तो आला, ऐन कडेवर त्याचा हात ब्रेकवर गेला, पुढचे चाक आधी खाली गेले. नंतर आम्ही त्याची सायकल ढकलीत डोंगर उतरलो, तेव्हा वाटभर कोणी कोणाशी बोलले नाही. दोष द्यावयाचाच तर तो आमच्या हाकांना द्यावा लागेल. कोणीही घड्याळ लावलेले नसताना आम्ही मित्रावर शर्यत लादली आणि वळसा घेण्याचे त्याचे स्वातंत्र्य हिरावून घेतले. जेथे ‘नाही’ म्हणण्याची मुभा उरत नाही, तेथे स्वैरपणाही उरत नाही.

आता स्वारांविषयी. रानात कोणाचे बंधन नाही, असे समजणारा एक वर्ग या खेळात आहे. इतकी वर्षे आम्हीही त्यातच मोडत होतो. फ्रॉमवरील वाटा आपोआप झालेल्या नाहीत. टॉड फियँडर, डॅन कोवन यांसारख्या मंडळींनी पडलेले सीडर वृक्ष चिरून दलदलीवरून शिडीसारखे पूल टाकले. आरंभी पुष्कळ काम विनापरवाना झाले, त्यावरून तंटे झाले आणि १९९७ साली स्वारांनी आपली संघटना उभारली. आज जमिनीच्या मालकांच्या संमतीने तिचे स्वयंसेवक या वाटा राखतात. तो प्रदेश पावसाचा. पाणी वाटेवर चढले की तिचाच ओढा करून टाकते. म्हणून जागोजाग पाण्यास बाहेर काढून द्यावे लागते. वरचा पालापाचोळ्याचा थर बाजूस करून खालची घट्ट माती खणावी, बादल्यांनी वाहावी आणि ठोकून बसवावी लागते. कोरडी हवा पडली की शेकडो चाके ब्रेक दाबून तीच माती पुन्हा उखडतात. तेथे उद्वाहक नाही, तिकीट नाही. म्हणून कोणाचेच देणे नाही, असे आम्हांस वाटत आले. ही समजूत फुकट्याची होती.

तेव्हा वडील मंडळींना आमचे उत्तर असे : खेळ आम्ही सोडणार नाही, मात्र खालून हाका मारणे सोडले आहे. सप्टेंबरच्या एका रविवारी आम्ही चौघे फावडी घेऊन फ्रॉमवर गेलो. तिघांनी दिवसभर चर खणला. चौथ्याचे प्लास्टर नुकतेच निघाले होते, म्हणून तो उजव्या हाताने फांद्या ओढून बाजूला टाकीत होता. संध्याकाळी सायकलीवर बसून तो खाली आला आणि त्या खडकापाशी डावीकडच्या वळशाने गेला. आम्ही कोणी काही बोललो नाही.