स्प्रिंग आवळण्याआधी मोजपट्टी घ्या

स्प्रिंगला वजने टांगून तिची वाढलेली लांबी मोजण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल. बल आणि वाढ यांचे हे साधे प्रमाण रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केले. पण वही तपासून झाली की हा नियम आपण विसरतो, आणि घरची मोटारसायकल खड्ड्यात आदळू लागली की गॅरेजमध्ये जाऊन सांगतो, "मागचे शॉक जरा टाइट करा." न मोजता स्प्रिंग आवळण्याची ही सवय सोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहुतेक साध्या मोटारसायकलींत मागच्या स्प्रिंगच्या टोकाशी पायऱ्या असलेली एक कडी असते. ती पान्याने फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. त्यामुळे स्प्रिंग कडक झाली, असे लोक समजतात. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. समजा, सारख्या वेटोळ्यांची एक स्प्रिंग एक मिलीमीटर दाबण्यास २० न्यूटन बल लागते आणि ती आपण १० मिलीमीटर दाबून बसवली. आता २०० न्यूटन बल पडेपर्यंत ती हलणार नाही. त्यानंतर मात्र पूर्वीप्रमाणेच दर २० न्यूटनला एक मिलीमीटर दबेल. म्हणजेच स्प्रिंगचा स्थिरांक तोच राहतो, फक्त गाडी उंच होते.

मग बिघडते कोठे? स्वार बसल्यावर गाडी थोडी खाली दबलीच पाहिजे. खड्डा आला की चाक तेवढे अंतर खाली उतरून रस्त्याला टेकू शकते. हलक्या स्वाराने कडी शेवटच्या पायरीवर ठेवली, तर हे अंतर फार थोडे उरते आणि चाक क्षणभर अधांतरी राहू शकते. घर्षण लंब बलाच्या प्रमाणात असते. लंब बल शून्य, तर घर्षणही शून्य. त्या क्षणी त्या चाकाचा ब्रेक निरुपयोगी! हा प्रश्न केवळ पाठीच्या आरामाचा नाही, जीविताचा आहे.

मागे माणूस किंवा ओझे असेल, तर कडी वरच्या पायरीवर न्यावीच. पण ओझे उतरल्यावर ती परत खाली आणावी.

मोजणी सोपी आहे. मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, इंजिन बंद ठेवून, गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्या. मागचे चाक अधांतरी असताना त्याच्या आसापासून वरच्या एका खुणेपर्यंतचे उभे अंतर मोजा. मग स्टँड काढून नेहमीच्या स्वाराला बसवा, एकाने हँडल धरा आणि पुन्हा मोजा. दोहोंतील फरक चाकाच्या एकूण चालीच्या साधारण पाव ते एकतृतीयांश असावा. चाल १२० मिलीमीटर असल्यास ३० ते ४० मिलीमीटर. फरक कमी भरला तर कडी एक पायरी सैल करा, जास्त भरला तर घट्ट. दोन शॉक असल्यास दोन्हीकडे सारखीच.

गाडी दाबून सोडल्यावर ती दोन-तीनदा झुलत राहिली, तर दोष बहुधा आंदोलने शमवणाऱ्या तेलाच्या नळीत असतो. तो कडी आवळून जात नाही.

शिक्षकांना एक विनंती. हूकचा नियम शिकवताना वर्ग एकदा आवारातील मोटारसायकलीपाशी न्या. त्या दिवशी मोजपट्टी विद्यार्थ्यांच्या हाती द्या.