घरट्यातला महिना वाचवा

एप्रिल उजाडला की शहरांत शिडीच्या गाड्या फिरू लागतात आणि पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू होते. वादळवाऱ्यात फांदी पडून कुणी दगावू नये, हा हेतू रास्तच आहे. पण नेमक्या याच दिवसांत दयाळ, बुलबुल, शिंपी यांची पिल्लं त्या फांद्यांवर, ढोलींत आणि झुडपांत असतात.

छाटणी चालू असताना दयाळाच्या मादीकडे एकदा नीट बघा. चोचीत अळी धरून ती केबलच्या तारेवर येऊन बसते. शेपटी सारखी वरखाली करते, घशातून खरखरीत आवाज काढते. ढोलीकडे झेप घेते आणि अर्ध्या वाटेतून परत फिरते. पुन्हा तार, पुन्हा झेप. यांत्रिक करवत तास-दोन तास घरघरत राहते आणि अळी चोचीतच राहते. दुपारी गाडी निघून जाते. ढोलीचं खोड शाबूत असतं, पिल्लंही जिवंत असतात. आपण म्हणतो, वाचली बिचारी.

पण वाचली म्हणजे नेमकं काय झालं?

भूक, भीती, गारठा, सततचा गोंगाट यांपैकी काहीही वाट्याला आलं की पिल्लाच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं. मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथींतून ते स्रवतं. ते विष नव्हे, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. थोड्या वेळापुरतं वाढलं तर ते जीव वाचवतं. शरीरातली साखर मोकळी करतं, पिल्लाला जोरात चोच उघडून खाऊ मागायला लावतं. मात्र ही पातळी दिवसेंदिवस चढलेली राहिली की शरीर आज तगून राहण्यासाठी उद्याची वाढ थांबवतं. हाडं, पिसं, रोगप्रतिकारशक्ती यांच्या वाट्याचं कमी पडतं. मेंदूच्याही.

गाणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत मेंदूचं हे नुकसान फार महागात पडतं. त्यांना गाणं पूर्णपणे उपजत येत नाही. कोवळ्या वयात बापाचं किंवा शेजारच्या नरांचं ऐकून ते शिकावं लागतं आणि त्यासाठी मेंदूत खास केंद्रं असतात. पिल्लू अन्नासाठी सर्वस्वी आईबापांवर अवलंबून असतं, साधारण त्याच सुमारास ही केंद्रं घडू लागतात. स्टीफन नोविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये ही सांगड घातली: बालपणी उपासमार झालेल्या नराचं गाणं उणं राहील आणि मादीला त्या गाण्यातूनच त्याच्या बालपणाची कल्पना येईल.

पुढे प्रयोगांनी याला आधार दिला. झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियातला चिमुकला पक्षी आपल्या मुनियांच्याच कुळातला. 2003 मध्ये कॅरेन स्पेन्सर, कॅथरीन ब्यूकॅनन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या काही पिल्लांना अन्न कमी पडू दिलं आणि काहींना कॉर्टिकोस्टेरॉन दिलं. दोन्ही गटांतले नर मोठे झाल्यावर तोकडं आणि कमी गुंतागुंतीचं गाणं गाऊ लागले. गाण्याचं एक मुख्य केंद्र अशा नरांच्या मेंदूत आकाराने लहान राहिल्याचंही त्यानंतर दिसून आलं. म्हणजे पक्षी जगतो, उडतो, गातोसुद्धा. फक्त त्याच्या गाण्यातून काहीतरी कायमचं वजा झालेलं असतं आणि माद्या त्याला डावलण्याची शक्यता वाढते.

2012 मध्ये प्रसिद्ध झालेला पॅट मोनाहन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास तर मला अस्वस्थ करून गेला. पिल्लूपणी हे संप्रेरक दिलेले झेब्रा फिंच मोठेपणी लवकर मेले. ज्यांना बालपणी कसलाच ताण सोसावा लागला नव्हता, असे त्यांचे जोडीदारही लवकर मेले. एका घरट्यातली होरपळ दुसऱ्या, सुखरूप वाढलेल्या पाखरापर्यंत पोहोचली.

आणि गोंगाट? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2024 मध्ये याच पक्ष्याच्या अंड्यांना आणि पिल्लांना, आईबापांना त्यातून वगळून, रहदारीचा आवाज ऐकवला. आवाज सोसलेली अंडी कमी उबली, पिल्लं लहान राहिली. मोठेपणी त्यांना झालेली पिल्लं इतरांच्या निम्म्याहूनही कमी होती.

म्हणून मेलेली पाखरं मोजून हा प्रश्न कळणार नाही. पुढच्या वर्षी अंगणातला दयाळ थोडं कमी गाईल, त्याची जोडी जमणार नाही, आणि या एप्रिलमधल्या करवतीशी त्याचा संबंध कुणीही जोडणार नाही.

मागणी साधी आहे. धोकादायक फांद्या जरूर छाटा, पण हिवाळ्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात या पक्ष्यांची बहुतेक घरटी रिकामी असतात आणि पावसाळ्याच्या तयारीला तेव्हा भरपूर वेळही असतो. उन्हाळ्यात एखादी फांदी तोडावीच लागली, तर करवत लावण्याआधी कुणीतरी वर नजर टाकून घरटं आहे का ते पाहावं. असेल आणि फांदी आज पडणारी नसेल, तर थांबावं. या लहान पक्ष्यांत अंडं घालण्यापासून पिल्लू उडण्यापर्यंत जेमतेम महिना जातो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येत बसवलं आहे, हे ठेकेदाराला आणि सोसायटीच्या कमिटीला सांगायची वेळ आली तर बेधडक सांगा.

बाकीचं आपल्या हातात आहे. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्या भरवते, तेव्हा या महिन्यांत बागेत कीटकनाशक मारू नका. जास्वंदीच्या चार पानांना भोकं पडली तर पडू द्या. कोपऱ्यातला पालापाचोळा जाळू नका, दयाळाचा चारा त्यातच असतो. घरट्यात मोबाइल घालून फोटो काढू नका. तुम्ही तिथे उभे असता तेवढा वेळ आई भरवायला येत नाही. जमिनीवर धडपडणारं, पिसं फुटलेलं पिल्लू दिसलं तर घरी आणू नका. त्याचे आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्र्यांपासून लांब, जवळच्या झुडपावर ठेवा आणि बाजूला व्हा.

राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडलेला तो सप्ताह मला प्रिय आहे. पण शाळाशाळांत तेव्हा जी आस्था दिसते, तिची पक्ष्यांना खरी गरज एप्रिल-मे-जूनमध्ये असते. त्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या गल्लीतली घरटी लांबून शोधायला आणि त्यांची यादी प्रभाग कार्यालयात द्यायला सांगितलं, तर छाटणीवाल्यांच्या हाती काहीतरी ठोस पडेल.

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायच्या असतात. या वर्षीच्या सभेत एक ठराव मांडा: आवारातली छाटणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात होईल आणि परवानगीचा अर्ज दिवाळीआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे जाईल. सूचक तुम्ही व्हा, अनुमोदनाला शेजाऱ्याला तयार करा आणि मंजूर ठरावाची प्रत नगरसेवकाच्या हातात द्या.