साहेबांना म्हणे माहीतच नव्हते!

टीव्हीवर आपल्याविरुद्ध भडक मथळा झळकला की आपला सगळा राग पडद्यावरच्या अँकरवर निघतो. त्याला पगार देणारा मालक आपल्याला दिसत नाही. म्हणून लंडनच्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'चे प्रकरण नीट पाहायला हवे, विशेषतः आपल्यातल्या पत्रकारिता शिकणाऱ्या किंवा स्वतःचे चॅनल चालवणाऱ्या मुलामुलींनी.

२००२ मध्ये मिली डाऊलर ही १३ वर्षांची मुलगी बेपत्ता झाली. तिचा खून झाला होता. घरचे तिची वाट पाहत होते, तेव्हा या साप्ताहिकाची माणसे तिच्या मोबाईलवर आलेले निरोप चोरून ऐकत होती. ४ जुलै २०११ रोजी 'गार्डियन'ने हे छापले आणि १० जुलैला १६८ वर्षांच्या पत्राचा शेवटचा अंक निघाला.

पण वरच्या मजल्यावर काय चालले होते? २००७ मध्ये राजघराण्याच्या बातम्या करणारा एक वार्ताहर आणि एक खासगी गुप्तहेर तुरुंगात गेले. कंपनी म्हणाली, एकच माणूस बिघडलेला होता. पुढच्याच वर्षी फुटबॉलपटूंच्या संघटनेचे प्रमुख गॉर्डन टेलर यांच्या हॅकिंगच्या दाव्यात कंपनीने तडजोड केली. खर्चासह सुमारे सात लाख पौंड गेले. राजघराण्याच्या वार्ताहराला फुटबॉलवाल्याचे निरोप कशाला हवे होते? एवढा साधा प्रश्न पैसे मंजूर करणाऱ्या जेम्स मर्डोक यांना पडला नाही! प्रकरण किती खोल आहे हे सांगणारा ईमेलही त्यांना आला होता. आपण तो पूर्ण वाचलाच नव्हता, असे त्यांनी नंतर सांगितले.

संसदीय समितीने रूपर्ट मर्डोक यांना विचारले, अंतिम जबाबदारी तुमची ना? ते 'नाही' म्हणाले, आणि ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांच्याकडे बोट दाखवले. २०१२ मध्ये समितीने बहुमताने याला जाणूनबुजून केलेली डोळेझाक म्हटले. मला हा शब्द पटतो. माहीत नसणे वेगळे आणि माहीत होऊ नये अशी सोय करणे वेगळे. मसालेदार बातमीचा नफा घेताना ती आली कुठून हे ज्याने विचारले नाही, त्याने ही सोयच केली होती.

किंमत कोणी मोजली तेही पाहा. सुमारे २०० कर्मचारी बेकार झाले. त्यातले कितीतरी जण हॅकिंगच्या काळात तिथे नव्हतेही. माजी संपादक अँडी कोल्सन यांना २०१४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. रेबेका ब्रूक्स निर्दोष सुटल्या, आणि तो न्यायालयाचा निर्णय आहे. पण २०१५ मध्ये त्या पुन्हा त्याच कंपनीच्या प्रमुख झाल्या, हा निर्णय मालकांचा.

लेव्हसन आयोगाच्या पहिल्या भागाचा अहवाल जवळजवळ २००० पानांचा आहे. कंपनीच्या आत नेमके काय घडले, कोणाला काय ठाऊक होते, हे दुसऱ्या भागात तपासायचे होते. तो भाग सरकारने २०१८ मध्ये रद्द केला.