विश्लेषण : मुलांच्या हाडांच्या कर्करोगाचे निदान उशिरा का होते?

आठवी-नववीतल्या मुलाचा गुडघा दुखू लागला की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठे पडलास?’ खेळणारे मूल कुठे ना कुठे पडलेले असतेच, त्यामुळे उत्तरही लगेच मिळते. मग मलम, गरम पट्टी, मालिश, वेदनाशामक गोळ्या असे उपाय सुरू होतात. शंभरातल्या बहुतेक मुलांना त्याने बरेही वाटते. मात्र एखाद्या मुलाचे दुखणे थांबत नाही, वाढत जाते. हाडांच्या कर्करोगाचे निदान उशिरा होण्याची सुरुवात बहुधा इथेच होते.

हा आजार नेमका कोणता?

मुलांमध्ये हाडांचे दोन कर्करोग प्रामुख्याने आढळतात. पहिला ऑस्टिओसार्कोमा आणि दुसरा युइंग सार्कोमा. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये दुसऱ्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. दोन्ही आजार प्रामुख्याने १० ते २० या वयोगटात दिसतात. ऑस्टिओसार्कोमा हा बहुधा उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात आणि जिथे हाड वेगाने वाढते त्याच ठिकाणी होतो. मांडीच्या हाडाचे गुडघ्याजवळचे टोक, नडगीचे वरचे टोक आणि दंडाच्या हाडाचा खांद्याजवळचा भाग या त्याच्या नेहमीच्या जागा. युइंग सार्कोमा कंबरेचे हाड, बरगड्या किंवा लांब हाडांच्या मधल्या भागातही होतो.

बालकर्करोगांमध्ये या आजारांचा वाटा साधारण तीन ते पाच टक्के आहे. म्हणजेच आजार दुर्मीळ आहे. एखाद्या गावातल्या किंवा उपनगरातल्या डॉक्टरला संपूर्ण कारकीर्दीत असा एखादाच रुग्ण भेटण्याची शक्यता असते. त्यामुळे निदान लांबले की लगेच निष्काळजीपणाचा आरोप करणे न्याय्य ठरत नाही.

मार लागल्याने कर्करोग होतो का?

नाही. पण मार लागल्यामुळे लक्ष त्या जागेकडे जाते किंवा दुखण्याला एक सोयीचे कारण सापडते. कॅनडाचा धावपटू टेरी फॉक्स याचे उदाहरण बोलके आहे. १९७६ च्या अखेरीस मोटार अपघातात त्याच्या उजव्या गुडघ्याला मार बसला. नंतर दुखू लागले, तरी बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत त्याने ते अंगावर काढले. मार्च १९७७ मध्ये तपासणी झाली तेव्हा ऑस्टिओसार्कोमा निघाला. अठराव्या वर्षी त्याचा पाय कापावा लागला. पुढे १९८० मध्ये कृत्रिम पायावर तो १४३ दिवस धावला आणि ५,३७३ किलोमीटर अंतर कापून कर्करोग संशोधनासाठी निधी उभा केला. फुप्फुसात आजार पसरल्याने दौड थांबवावी लागली आणि जून १९८१ मध्ये त्याचे निधन झाले.

वाढीच्या वयातले दुखणे कसे ओळखावे?

‘वाढीचे वय आहे, दुखणारच’ हे वाक्य अगदीच चुकीचे नाही. पण अशा दुखण्याची ओळख वेगळी आहे. ते साधारणपणे लहान मुलांत, दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होते. सकाळी मूल नेहमीसारखे बागडते. सूज नसते, लंगडणे नसते.

याउलट एकाच जागी, एकाच बाजूला दुखत असेल, दोन-तीन आठवड्यांत कमी होण्याऐवजी वाढत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तिथे सूज किंवा कडक फुगवटा हाताला लागत असेल, मूल लंगडत असेल किंवा किरकोळ धक्क्याने हाड मोडले असेल, तर थांबू नये. दुखणे सुरुवातीला येते-जाते, त्यामुळे मध्ये चार दिवस बरे वाटले म्हणून निर्धास्त होऊ नये. युइंग सार्कोमात तापही येतो. त्यामुळे तो हाडातला जंतुसंसर्ग किंवा आपल्याकडे हाडाचा क्षयरोग समजला जाण्याचा धोका असतो. गुडघा दुखत असला तरी मूळ खुब्यात असू शकते, हेही तपासणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवे.

कोणत्या तपासण्या आवश्यक असतात?

पहिली तपासणी अगदी साधी आणि स्वस्त आहे, ती म्हणजे एक्स-रे. मुलांच्या हाडात कारण न सापडणारे दुखणे किंवा सूज असेल, तर ४८ तासांत एक्स-रे करण्याचा विचार करावा, असे ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक सूचना सांगते. मात्र सुरुवातीच्या काळात एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. दुखणे कायम राहिले, तर पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय करायला हवा.

‘रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हा दिलासा इथे पुरेसा नाही, कारण हाडाचा कर्करोग असूनही रक्ततपासणी सामान्य येऊ शकते. तरीही ती करावी, कारण मुलांमधला सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा कर्करोगही कधी कधी हाडांच्या दुखण्याने सुरू होतो. म्हणूनच निदान होण्यापूर्वी अंदाजाने स्टिरॉइड देणे टाळायला हवे. त्याने तात्पुरता आराम पडतो आणि आजार झाकला जातो.

संशय बळावल्यावर त्या संपूर्ण हाडाचा एमआरआय, फुप्फुसांसाठी छातीचा सीटी स्कॅन आणि बाकीच्या हाडांसाठी बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन केला जातो. अंतिम निदान मात्र बायोप्सीनेच होते.

बायोप्सीने आजार पसरतो का?

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या समजापायी अनेक कुटुंबे बायोप्सी टाळतात. योग्य पद्धतीने केलेल्या बायोप्सीची भीती बाळगण्याचे कारण नाही. धोका असतो तो चुकीच्या जागी, घाईने केलेल्या बायोप्सीत. सुई ज्या मार्गाने गेली तो मार्ग पुढे शस्त्रक्रियेत गाठीसोबत काढून टाकावा लागतो. म्हणून ती कुठून घ्यावी हे पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्याने ठरवायचे असते. अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञ हेन्री मॅन्किन आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या अभ्यासात, उपचार केंद्राऐवजी आधीच्या रुग्णालयात बायोप्सी झाली तेव्हा चुका आणि गुंतागुंत दोन ते बारा पट अधिक आढळली. ‘पू असेल’ म्हणून मारलेली एक आडवी चीर वाचू शकणारा पाय घालवू शकते.

वेळेत निदान झाले तर काय फरक पडतो?

१९७० पूर्वी पाय कापूनही ऑस्टिओसार्कोमाचे ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावत. कारण दिसत नसला तरी आजार आधीच फुप्फुसात पोहोचलेला असे. केमोथेरपीने हे चित्र बदलले. आज आजार पसरलेला नसेल आणि उपचार पूर्ण झाले, तर दहापैकी सहा-सात मुले बरी होतात. बहुतेकांचा पाय किंवा हातही वाचवता येतो. निदानावेळी आजार पसरलेला असल्यास हे प्रमाण बरेच खाली येते. अर्थात, काही आठवड्यांच्या उशिरानेच सारे ठरते असे नाही. काही गाठी मुळातच आक्रमक असतात. त्यामुळे पालकांनी स्वतःला दोष देत बसू नये.

मग करायचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी जागतिक उपक्रम सुरू केला. २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत, हे त्याचे उद्दिष्ट आहे. श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहून कमी असल्याचे संघटना सांगते. ही दरी केवळ औषधांची नाही, ती निदानाचीही आहे.

महाराष्ट्रात मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयासारखे केंद्र आहे आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. पण टाटापर्यंत पोहोचण्याआधीचा रस्ता हाडवैद्य, मालिशवाला, औषध दुकानदार, दवाखाना आणि तालुक्याचे रुग्णालय असा वळणे घेत जातो. तो आखूड करण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत जातातच. त्यांनी ‘एकाच जागी बरेच दिवस दुखते का?’ हा एक प्रश्न विचारावा. ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे यंत्र सुरू असावे आणि ते चालवणारा तंत्रज्ञही हजर असावा. संशयास्पद एक्स-रेचा फोटो त्याच दिवशी तज्ज्ञापर्यंत पोहोचावा आणि बायोप्सीची घाई स्थानिक पातळीवर होऊ नये.

पालकांसाठी तर नियम याहून सोपा आहे. सुजलेल्या जागी मालिश करू नये आणि दोन-तीन आठवडे टिकलेल्या दुखण्याला कारण चिकटवण्याआधी एक एक्स-रे काढून घ्यावा. बहुतेक वेळा त्यात काहीच निघणार नाही. पण ज्या एका मुलाच्या एक्स-रेत काही निघेल, त्याच्यासाठी ती चार पावले वेळेत पडलेली असतील.