पातळ काच आणि जाड समजूत

गेल्या दिवाळीपूर्वीं माळा झाडतांना आमच्या घरांत एक जुना प्रभाकर कंदील हातीं लागला. पत्रा गंजलेला, वात केव्हांच जळून गेलेली. पण काच मात्र शाबूत! नेमक्या त्याच दिवशीं घरांतील धाकट्या चिरंजीवांच्या हातून फोन निसटला आणि त्याच्या काचेवर कोळ्याचें जाळें उमटलें. मग संध्याकाळच्या चहाला दुसरा विषय कशाला निघतो? "पूर्वीं काचा जाड असत, म्हणून टिकत, हल्लीं सारेंच पातळ झालें आहे," असा निवाडा वडील मंडळींनीं देऊन टाकला. आम्हीं मात्र मापपट्टी आणून कंदिलाची काच मोजली. ती पुरती दोन मिलिमीटर जाडही भरली नाहीं.

या साऱ्या बोलण्यांत आमच्या थोरल्या काकू गप्प होत्या. त्या आतां नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांचें माहेर सांगलीचें. १९५७ सालीं त्या लग्न होऊन आल्या, तेव्हां सातारा जिल्ह्यांतील आमच्या गांवीं वीज यावयाची होती. रोज तिसऱ्या प्रहरीं घरांतील सगळ्या कंदिलांच्या काचा राखुंडीनें घांसून, धुऊन, पुसून ठेवणें हें नव्या सुनेचें काम. एके दिवशीं काकूंनीं पुसलेली काच दिवेलागणीला आपोआप तडकली. कोणीं हात लावला नव्हता, वारा नव्हता, पाणी पडलें नव्हतें. आजोबा पंक्तींत सर्वांदेखत म्हणाले, "सांगलीच्या हातांना काच पेलत नाहीं." सांगली त्या वेळीं दक्षिण सातारा जिल्ह्यांतच मोडत होती, जिल्ह्याला तिचें नांव १९६० सालीं मिळालें. पण टोमण्याला जिल्ह्याची हद्द थोडीच लागते! पुढें कित्येक वर्षें घरांत कांहींही फुटलें कीं तें वाक्य निघे. काकू कधीं एका शब्दानें बोलल्या नाहींत.

त्या संध्याकाळीं दोष कोणाचा होता, याचा विचार आम्ही आज करणार आहों. त्यासाठीं काच कशी होते हें थोडें पाहिलें पाहिजे.

आपल्या भागाला हा विषय परका नाहीं. पैसा फंडाच्या काच कारखान्यानें १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें काम सुरू केलें, आणि लोकांच्या पैशापैशावर उभ्या राहिलेल्या त्या भट्टीपाशीं अनेक तरुणांनीं काच फुंकण्याची विद्या घेतली. पुढें १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कऱ्हाडजवळ, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयानें, काचेचा कारखाना काढला. त्यामुळें त्या माळरानाचें नांव ओगलेवाडी झालें आणि तेथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रांत घरोघर लागला. आज तो कारखाना चालत नाहीं. परंतु त्याच्या काचा अजून आमच्यासारख्यांच्या माळ्यावर निघतात.

काचेचा मुख्य घटक वाळू. शुद्ध वाळू वितळण्यास सुमारें १७०० अंश उष्णता लागते. सोडा मिसळला म्हणजे हें काम बऱ्याच कमी उष्णतेंत भागतें, आणि चुना घातला म्हणजे काच पाण्यांत विरघळत नाहीं. हा मधासारखा दाट रस लोखंडी फुंकनळीच्या टोंकावर घेऊन कारागीर फुंकर मारतो, आणि फुगा सांच्यांत धरला कीं कंदिलाची काच आकाराला येते. खिडकीची सपाट काचही पूर्वीं फुंकूनच करीत, हें पुष्कळांना ठाऊक नसेल. लांबलचक नळकांडें फुंकावयाचें, दोन्हीं टोंकें उडवावयाचीं, उभें चिरावयाचें आणि पुन्हां तापवून पोळीसारखें उलगडावयाचें! १८५१ सालच्या लंडनमधील प्रदर्शनाच्या स्फटिकगृहाला लागलेल्या सुमारें तीन लाख काचा अशाच झाल्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं यंत्रानें सरळ तावच्या ताव ओढण्याची युक्ति बेल्जममध्यें निघाली. १९५९ सालीं पिल्किंग्टन कंपनीनें वितळलेल्या कथलावर काचेचा रस तरंगत ठेवून ताव करण्याची रीति जाहीर केली. द्रवाचा पृष्ठभाग जात्याच सपाट, त्यामुळें घांसणें, झिलई देणें हें सारें वांचलें. आज घरांच्या खिडक्यांची बहुतेक काच याच रीतीनें होते. आतां तर केसाएवढी पातळ, कागदाप्रमाणें वांकणारी काचही होते.

पण रीति कोणतीही असो, आकार आला म्हणजे काच झाली असें नव्हे. खरी परीक्षा पुढेंच असते. तापलेली काच उघड्यावर ठेवली तर तिचें बाहेरचें अंग आधीं निवतें, आंतलें मागाहून. आंतलें आकसूं पाहतें, पण बाहेरचें आधींच घट्ट झालेलें असल्यामुळें त्याला जागा देत नाहीं. ही ओढाताण काचेंत कायमची कोंडून राहते. म्हणून नवी काच सुमारें साडेपांचशें अंशांच्या भट्टींत ठेवून अगदीं हळूहळू निवूं द्यावी लागते. येथें घाई झाली तर वस्तु बाहेरून निर्मळ दिसते, बाजारांत जाते, घरीं येते, आणि एखाद्या संध्याकाळीं ज्योतीची थोडी ऊब लागतांच कोंडलेला ताण वाट काढतो.

हा ताण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. मात्र पाहतां येतो. ताण असलेली काच प्रकाशाच्या वाटेंत फरक करते, हें ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १८१६ सालीं दाखविलें. प्रकाशाची एकच दिशा सोडणाऱ्या दोन पट्ट्या एकमेकींशीं काटकोनांत धरून मध्यें काच ठेवली, तर निर्दोष काच अंधारीच राहते आणि ताणलेली जागा उजळते. कारखान्यांतील तपासनीस याच रीतीनें काच पारखतात. घरांतील मुलांनीं संगणकाच्या पांढऱ्या पडद्यापुढें प्लॅस्टिकचा पारदर्शक कोनमापक धरून पोलराइज्ड गॉगलमधून पाहावें. घडतांना त्यांत कोंडलेला ताण इंद्रधनुष्याच्या पट्ट्यांत उभा राहील.

दुसरा शत्रु म्हणजे ओरखडा. चित्रांच्या चौकटी करणारा काच 'कापतो' असें आपण म्हणतों. वस्तुतः तो हिऱ्याच्या कणीनें एक बारीक रेघ ओढतो आणि दोन्हीं बाजूंनीं हलकेंच दाबतो. बाकीचें काम ती रेघ करते. ग्रिफिथ नांवाच्या इंग्रज संशोधकानें १९२०–२१ सालीं हेंच गणितानें सिद्ध केलें. काच आंतून फार बळकट आहे. तिच्या अंगावरील सूक्ष्म चिरा तिला दुबळी करतात, कारण सारा भार चिरेच्या टोंकाशीं एकवटतो. त्यानें काचेचे तंतु ओढून पाहिले, तों तंतु जितका बारीक तितका तो आपल्या मानानें अधिक बळकट ठरला! म्हणूनच कारखान्यांत काचेचे ताव आडवे न रचतां उभे ठेवतात, दोहोंमध्यें कागद घालतात आणि कडांना फार जपतात.

आतां जाडपणाचा समज पाहूं. जाड बुडाच्या पेल्यांत कढत चहा ओतला तर तो पुष्कळदां तडकतो, पातळ पेला निभावून जातो. पातळ काचेला आंतबाहेर ऊब लवकर सारखी लागते. जाड काचेचें आंतलें अंग फुगतें तेव्हां बाहेरचें थंडच असतें. तेव्हां बाजारांत वजनदार काच निवडून 'टिकाऊ' म्हणून घरीं आणणारे कर्ते पुरुष कंदिलापुरते तरी चुकत होते. नवी काच पाण्यांत उकळून 'पक्की' करण्याची चालही तशीच. शंभर अंशांच्या पाण्यानें काचेंतला ताण निघत नाहीं. फार तर कच्ची काच तेथेंच फुटून जाई आणि मजबूत तेवढी उरे.

ताण सर्वत्र वाईटच असतो असेंही नाहीं. फोनच्या काचेला मुद्दाम ताण देतात. वितळलेल्या पोटॅशियम क्षारांत ती बुडवून ठेवली म्हणजे तिच्यांतील सोडियमच्या बारीक कणांच्या जागीं पोटॅशियमचे मोठे कण शिरतात, पृष्ठभाग दाटीनें आवळला जातो आणि लहान चिरेला उघडूं देत नाहीं. चिरंजीवांची काच पातळपणामुळें फुटली असें म्हणतां येणार नाहीं. महिनाभर ती खिशांत किल्ल्या आणि वाळूच्या कणांशीं घांसत होती, आणि पडली ती नेमकी कडेवर.

मग काकूंच्या काचेचें काय? एक तर ती भट्टींतून घाईनें निघालेली असावी, नाहीं तर राखुंडींत आलेल्या वाळूच्या कणानें तिच्यावर चीर पडली असावी. वाळू काचेहून कठीण. ती राख घरच्याच चुलीची होती, चाळून ठेवण्यास कोणीं सांगितलें नव्हतें, आणि काच आजोबांनींच जाड पाहून आणली होती. तडकण्याचा क्षण तेवढा काकूंच्या वांट्याला आला. एकत्र कुटुंबांत असें काचेच्याच बाबतींत घडतें असें नाहीं. वस्तु जिच्या हातीं फुटते तिला बोल लागतो. ताण आधीं कोणीं भरला, याची चौकशी होत नाहीं. वाचकांनीं आपापल्या घरांत एकदां ती करून पाहावी, एवढीच आमची विनंति.

आम्हीं हें सारें काकूंना समजावून सांगितलें. त्यांनीं कंदिलाची काच पदरानें पुसली, उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाल्या, "मामंजी असतांना सांगायचें होतंस रे." मग ती आपल्याच हातानें त्यांनीं कोनाड्यांत नेऊन ठेवली.