लेबल जुने, विषाणू नवा

पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर खरिपाच्या बटाट्याची लागवड सुरू होते, तेव्हा जमिनीत जाणारे बेणे बहुतेक पंजाबातून आलेले असते. शेतकरी जात विचारतो, भाव विचारतो, फार तर डोळे फुटलेत का ते पाहतो. कंदात कोणता विषाणू आहे, हे ना तो विचारत ना व्यापारी सांगत. हा भाबडेपणा आता महागात पडणार आहे.

बटाट्याचा ‘वाय’ विषाणू १९३१ पासून शास्त्राला माहीत आहे. पण तेव्हाचा आणि आजचा, हे दोघे एक नव्हेत. या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा. एकाच झाडात ‘ओ’ आणि ‘एन’ असे दोन प्रकार घुसले, की पेशीत नकला काढणारे विकर अर्धी नक्कल एका कागदावरून आणि उरलेली दुसऱ्यावरून उतरवणाऱ्या पेंगुळलेल्या कारकुनासारखे वागते. त्यातून संकर जन्मतो. ‘एनटीएन’ या संकराने १९८०च्या सुमारास हंगेरीत कंदांवर काळपट वलये उठवली. असा माल बाजारात उभा राहत नाही. ‘एन-विल्गा’ पोलंडमधल्या विल्गा या वाणावर सापडला. अमेरिकेत तर गेल्या काही दशकांत संकरांनी जुन्या ‘ओ’ प्रकाराला जवळपास हुसकावून लावले.

असे का झाले, हे मुळातून समजून घ्यायला हवे. ‘ओ’ची लागण झालेले झाड पानांवरून ओळखू येते, म्हणून तपासनीस ते उपटतो. संकराची लक्षणे अनेक वाणांत इतकी सौम्य असतात की झाड निरोगीच वाटते, आणि त्याचा कंद पुढल्या वर्षीचे बेणे होतो. म्हणजे नव्या विषाणूला वाट करून देण्यात आपल्या तपासणीचाही हात आहे. त्यात ‘एन-विल्गा’चे बाह्य आवरण ‘ओ’चे. आवरणावरून प्रकार ठरवणारी नेहमीची चाचणी त्याला ‘ओ’ म्हणून सोडून देते. आपल्या देशातही ‘वाय’ विषाणूचे संकर आढळले आहेत.

यावर फवारणी हा उपाय नाही. मावा काही सेकंदांत विषाणू उचलतो आणि तेवढ्याच वेळात पुढच्या झाडात सोडतो. औषधाने तो मरेपर्यंत काम झालेले असते. (तरीही कीटकनाशकांच्या दुकानात ‘व्हायरसवर काय द्याल?’ हा प्रश्न रोज विचारला जातो, आणि उत्तरही मिळते!) खरा बचाव शुद्ध बेण्याचाच. पुष्करनाथ यांनी केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेत घडवलेल्या बीज-प्रक्षेत्र पद्धतीने मावा कमी असण्याच्या काळात मैदानी प्रदेशात बेणे पिकवले, मावा वाढण्याआधी पाला कापला आणि देश तगवला. पण थंडी आखडली की तो सुरक्षित काळही आखडतो. शिवाय पांढऱ्या माशीने पसरणारा टोमॅटोच्या पर्णगुच्छाचा विषाणू उत्तरेत बटाट्यावर येऊन बसला आहे, आणि त्याचे घराणेही अशाच जनुकीय अदलाबदलीसाठी कुप्रसिद्ध आहे.

१९६६ च्या बियाणे कायद्यात प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. बेणे विकणाऱ्या पंजाबने २०२० मध्ये ऊतीसंवर्धित बेण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. बेणे विकत घेणाऱ्या महाराष्ट्राची तयारी कुठे दिसत नाही. विक्रेत्याचा दाखला हीच आपली तपासणी, ही स्थिती लाजिरवाणी आहे.

कृषी खात्याने राहुरीच्या कृषी विद्यापीठाला हाताशी धरून राज्यात येणाऱ्या बेण्याचे नमुने मे महिन्यातच घ्यावेत. नुसत्या आवरणावर न थांबता जनुकांच्या अनेक ठिकाणांवरून त्यांची चाचणी करावी आणि निकाल लागवडीपूर्वी जाहीर करावा. करारशेती करणाऱ्या चिप्स कंपन्यांनी खर्चाचा वाटा उचलावा, कारण वलये पडलेला कंद त्यांच्याही कामाचा नाही. आणि शेतकरी गटांनी येत्या हंगामात विषाणू चाचणीचा अहवाल हातात पडल्याशिवाय गोणीचे पैसे मोजू नयेत.